फॉर्म बांधताना : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रे सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आली आहेत, आणि योगायोगाने ती जवळजवळ सगळी एकाच विषयाभोवती फिरतात : पीएचपीच्या सिम्फनी या फ्रेमवर्कमध्ये फॉर्म कसे बांधावेत, आणि तयार मिळालेल्या यंत्रणेत आपल्या सोयीची भर नेमकी कोणत्या जागी घालावी. फॉर्म वाचणे हे पीएचपीचे पहिल्यापासूनचे काम आहे. रासमुस लेरडॉर्फ यांच्या या भाषेची एक सुरुवातीची आवृत्ती पीएचपी/एफआय या नावानेच ओळखली जात असे, आणि त्यातील एफआय म्हणजे 'फॉर्म्स इंटरप्रिटर'. सिम्फनी २००५ पासून आहे; मात्र फॉर्मचा जो घटक आज आपण वापरतो, त्याची मांडणी २०११ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासूनची आहे. स्तंभात कोड छापण्याइतकी जागा नसते, म्हणून क्लास आणि मेथड यांची नावे वाक्यातच दिली आहेत. जाणकार वाचकांना तेवढे पुरावे.

प्रश्न : अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याचे संगणकाचे काम मी एकटाच पाहतो. ऑर्डर, चलन, बिल, परत आलेला माल, नवा ग्राहक, वाहतूकदार आणि सूत पुरवठादार असे सात फॉर्म सिम्फनीत केले आहेत, आणि सातही फॉर्ममध्ये जीएसटी क्रमांकाचा रकाना आहे. तोच रकाना, तीच तपासणी आणि तीच टीप मी सात वेळा लिहिली. आता एक दुरुस्ती करायची तर सात फायली उघडाव्या लागतात, आणि मागच्या खेपेला त्यातील एक राहून गेली. म्हणून टेक्स्टटाइप हा क्लास 'एक्स्टेंड' करून माझा स्वतःचा क्लास लिहिला. रकाना दिसतो नीट, पण इतर मजकुराच्या रकान्यांना मिळणारी एक सोय नेमकी यालाच मिळत नाही, आणि त्यासाठी ट्विगमध्ये (सिम्फनीत पानाचे साचे लिहिण्याच्या भाषेत) लिहिलेला वेगळा ब्लॉकही लागू होत नाही. टाइप एक्स्टेन्शन नावाची आणखी एक गोष्ट असते असे वाचले. यातले काय करावे?

उत्तर : आपल्या शहरातील उदाहरणानेच सांगतो. जेकार्डच्या मागावर चादरीची नक्षी बदलायची असेल तर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ बदलतात. माग तोच राहतो. केवळ रंग बदलायचा असेल तर पुठ्ठ्यांनाही हात लावावा लागत नाही, सूत बदलले की झाले. आणि शेडमधल्या सगळ्याच मागांना धागा तुटल्यावर थांबण्याची सोय करायची असेल, तर एकेका नक्षीत ती विणता येत नाही. ती मागालाच जोडावी लागते. सिम्फनीच्या फॉर्ममध्येही अशा तीन वेगळ्या जागा आहेत. एखाद्या फॉर्मपुरता फरक हवा असेल तर रकाना जोडताना ऑप्शन द्यावेत. वारंवार लागणारी, स्वतःचे नाव असलेली गोष्ट असेल तर तिचा स्वतंत्र टाइप, म्हणजे रकान्याचा प्रकार सांगणारा क्लास, करावा. आणि आधीपासून असलेल्या सगळ्या रकान्यांच्या वागण्यात एकदम भर घालायची असेल, तरच टाइप एक्स्टेन्शनकडे वळावे. आपला जीएसटीचा रकाना दुसऱ्या प्रकारात मोडतो.

आता आपले कोठे चुकले ते पाहू. सिम्फनीच्या टाइपमधला वारसा पीएचपीच्या 'एक्स्टेंड्स' या शब्दाने चालत नाही. आपला क्लास नेहमी ॲब्स्ट्रॅक्टटाइपपासूनच काढावा आणि त्यात गेटपेरेंट ही मेथड लिहून तिच्यातून टेक्स्टटाइपचे नाव परत द्यावे. फॉर्म बांधताना सिम्फनी आधी पेरेंट टाइपची बिल्डफॉर्म चालवते, मग आपली, आणि त्यानंतर आपल्या टाइपवर नोंदलेली एक्स्टेन्शने. पेरेंटवर नोंदलेली एक्स्टेन्शने पेरेंटच्या फेरीतच लागू झालेली असतात. आपण थेट टेक्स्टटाइप 'एक्स्टेंड' केला, तेव्हा गेटपेरेंट ही मेथडही टेक्स्टटाइपकडून जशीच्या तशी आली, आणि ती फॉर्मटाइपचे नाव देते. त्यामुळे सिम्फनीच्या दृष्टीने आपला रकाना टेक्स्टटाइपचा मुलगा नसून भाऊ ठरला, आणि टेक्स्टटाइपवर लावलेली सोय त्याच्या वाट्याला आली नाही. ट्विग ब्लॉकचे कारणही हेच. टेक्स्टटाइप स्वतःचा ब्लॉक प्रीफिक्स (ज्या नावाने ब्लॉक शोधला जातो ते) 'टेक्स्ट' असा स्पष्ट देतो, आणि तोही आपल्याकडे वारशाने आला. ॲब्स्ट्रॅक्टटाइपपासून क्लास काढला असता तर प्रीफिक्स क्लासच्या नावावरून आपोआप ठरला असता, म्हणजे जीएसटीटाइपसाठी 'जीएसटी', आणि त्या नावाने लिहिलेला ब्लॉक सापडला असता.

टाइपमध्ये काय ठेवावे याबद्दल मात्र माझे मत थोडे कडक आहे. जीएसटी क्रमांक १५ चिन्हांचा असतो : पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा चिन्हे पॅनची, तेरावे त्याच पॅनवरील त्या राज्यातील नोंदणीचे, चौदावे सहसा झेड, आणि पंधरावे आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेले तपासणीचे चिन्ह. सोलापूरच्या कारखान्याने पहिले दोन अंक २७ असलेच पाहिजेत असा नियम लिहू नये. आपले ग्राहक विजयपूरला आणि हैदराबादलाही आहेत, आणि तिकडचे क्रमांक अनुक्रमे २९ आणि ३६ ने सुरू होतात. मोकळ्या जागा काढणे आणि लहान अक्षरे मोठी करणे एवढेच काम टाइपमधील डेटा ट्रान्सफॉर्मरकडे द्यावे. त्याच्या रिव्हर्सट्रान्सफॉर्म मेथडमध्ये रिकाम्या रकान्यासाठी नल आणि रिकामी स्ट्रिंग या दोन्ही शक्यता धराव्यात, कारण पीएचपी ८.१ पासून स्ट्रिंगच्या अंगभूत फंक्शनना नल दिल्यास इशारे येऊ लागतात. तपासणीचा नियम मात्र फॉर्ममध्ये लिहू नये. तो स्वतंत्र कन्स्ट्रेंट म्हणून लिहून ग्राहकाच्या एन्टिटीवर, म्हणजे डेटाबेसमधील नोंदीच्या क्लासवर, ठेवावा. उद्या मालकांनी ग्राहकांची एक्सेल फाइल आपल्या हाती दिली, तर ती माहिती फॉर्ममधून जाणारच नाही. पण एन्टिटीवरील नियम व्हॅलिडेटर त्याही वेळी तपासू शकेल.

एक खड्डा आधीच दाखवून ठेवतो. कॉन्फिगरऑप्शन्समध्ये आपण 'ॲटर' या ऑप्शनची मूळ किंमत म्हणून कमाल लांबी १५ दिली, आणि एखाद्या फॉर्मने त्याच ऑप्शनमधून फक्त सीएसएस क्लास पाठवला, तर आपली लांबीची अट नाहीशी होते. ऑप्शन्सरिझॉल्व्हर ॲरे एकमेकांत मिसळत नाही. आलेली किंमत जुन्या किमतीच्या जागी ठेवतो. म्हणून टाइपची कायमची गुणलक्षणे बिल्डव्ह्यू मेथडमध्ये, व्ह्यूच्या ॲटरमध्ये भर घालून द्यावीत, किंवा त्या ऑप्शनला नॉर्मलायझर (आलेली किंमत दुरुस्त करून देणारे फंक्शन) लावावा. मी स्वतः बिल्डव्ह्यूचा मार्ग पसंत करतो, कारण सहा महिन्यांनी वाचताना तो लवकर कळतो.

प्रश्न : आम्ही शहरातील एका वाचनालयाच्या सभासदांची नोंद ठेवतो. कऱ्हाडकर आडनावाचे सभासद शोधले की कधी तिघे सापडतात, कधी दोघेच. पडद्यावर मात्र सगळ्यांची नावे अगदी सारखी दिसतात. शिवाय काही कर्मचारी मोबाइल क्रमांक मराठी अंकांत लिहितात. सगळ्या रकान्यांत शुद्धीची सोय घालायची असेल तर एकवीस ठिकाणी ट्रान्सफॉर्मर जोडावा लागेल का?

उत्तर : नाही. टाइप एक्स्टेन्शन ज्या कामासाठी असते ते हेच. नावांचा घोळ आधी समजून घेऊ, कारण मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला तो केव्हातरी भेटतोच. 'कऱ्हाडकर' मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यानंतर हलन्त येतो. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचे जोडचिन्ह येते. कोणत्या कीबोर्डने काय टाइप होते हे कर्मचाऱ्याला दिसत नाही आणि दिसण्याचे कारणही नाही, पण डेटाबेसच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावे आहेत. पीएचपीच्या इंटल एक्स्टेन्शनमधील नॉर्मलायझर वापरून एनएफसी रूप (युनिकोडचे एक प्रमाणित रूप) करून घेतले तरी या दोन रीती एक होत नाहीत. ती बदली आपल्यालाच लिहावी लागते. मात्र वैतागून शून्य रुंदीचे जोडचिन्ह सरसकट काढून टाकू नये. तसे केल्यास दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या नावातील अर्ध्या र चा रफार होऊन तो ह च्या डोक्यावर जाऊन बसतो. आधी साधा र, हलन्त आणि जोडचिन्ह ही तिकडी शोधून तिच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवावा, आणि मग एनएफसी करावे.

हे काम करणारा ट्रान्सफॉर्मर एकदाच लिहावा. नंतर ॲब्स्ट्रॅक्टटाइपएक्स्टेन्शनपासून एक क्लास काढून त्याच्या गेटएक्स्टेंडेडटाइप्स या स्टॅटिक मेथडमधून टेक्स्टटाइपचे नाव द्यावे. (ही मेथड ४.२ आवृत्तीपासून आहे. त्याआधी एकवचनी नावाची, स्टॅटिक नसलेली मेथड होती, आणि जुन्या पुस्तकांत तीच सापडते.) ऑटोकॉन्फिगर चालू असेल तर क्लास फोल्डरमध्ये ठेवला की नोंद आपोआप होते; बंद असेल तर सर्व्हिसला टॅग द्यावा लागतो. बिल्डफॉर्ममध्ये ॲडव्ह्यूट्रान्सफॉर्मर वापरावा. वापरणाऱ्याने लिहिलेला मजकूर आत येताना व्ह्यू ट्रान्सफॉर्मर शेवटून पहिल्याकडे चालतात, आणि एक्स्टेन्शनचा ट्रान्सफॉर्मर सहसा शेवटी जोडला जात असल्यामुळे त्याला कच्चा मजकूर सर्वांत आधी मिळतो. आपल्याला हवे आहे तेच.

येथे सावध राहण्याची जागा आहे. ईमेलटाइप, टेक्स्टएरियाटाइप, सर्चटाइप, टेलटाइप आणि पासवर्डटाइप हे सगळे टेक्स्टटाइपचेच वारस आहेत. सर्चटाइप त्यात आहे ही आपल्या फायद्याची गोष्ट, कारण शोधाच्या चौकटीत लिहिलेले नावही त्याच गाळणीतून जाते आणि दोन्ही बाजूंचा मेळ बसतो. पासवर्डटाइपही त्यात आहे ही मात्र अडचण. नोंदणीचा फॉर्म सिम्फनीच्या फॉर्म घटकातून जातो आणि पासवर्ड गाळून साठवला जातो. पण लॉगिन करताना सुरक्षा घटक पासवर्ड बहुधा थेट रिक्वेस्टमधून, गाळल्याशिवाय घेतो. ज्या सभासदाचा मराठी पासवर्ड गाळणीत बदलला गेला त्याला तो बरोबर लिहूनही प्रवेश मिळणार नाही, आणि तक्रार ऐकणाऱ्याला कारण कधीच सापडणार नाही. म्हणून एक्स्टेन्शनमध्ये 'मराठी शुद्धी' अशा अर्थाचा बूलियन ऑप्शन ठेवावा, टेक्स्टटाइपसाठी त्याची मूळ किंमत खरी असावी, आणि पासवर्डटाइपवर दुसरे छोटे एक्स्टेन्शन लिहून ती खोटी करावी. ऑप्शन ठरवतानाही पेरेंट आधी आणि वारस नंतर असाच क्रम असल्याने वारसाची किंमत टिकते.

अंकांचे काम मात्र या गाळणीत मिसळू नका. पत्त्यात कोणी 'घर क्रमांक १२/अ' असे मराठी अंकांत लिहिले असेल तर ते तसेच राहावे, हा त्या माणसाचा हक्क आहे. मोबाइलसाठी टेलटाइप हा पेरेंट असलेला स्वतंत्र टाइप करून त्यातच देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करावेत. संख्येच्या रकान्यांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. फॉर्मचे लोकेल (भाषेची निवड) मराठी असेल तर नंबरटाइप किंमत देवनागरी अंकांत दाखवतो, पण एचटीएमएल-५ चा ऑप्शन चालू केला की तो इंग्रजी अंकांवर येतो, कारण ब्राउझरच्या संख्येच्या रकान्याला किंमत इंग्रजी अंकांतच द्यावी लागते. दोन फॉर्ममध्ये दोन तऱ्हा दिसू लागल्यास आधी हे तपासावे.

एवढे करूनही जुन्या नोंदी आपोआप सुधारणार नाहीत. एक कन्सोल कमांड लिहून तोच ट्रान्सफॉर्मर साठवलेल्या सगळ्या नावांवरून एकदा फिरवावा, आणि त्याआधी अर्थातच बॅकअप घ्यावा.

प्रश्न : प्रत्येक रकान्याखाली मराठीत टीप दाखवण्यासाठी एक्स्टेन्शन लिहीत आहे. योग्य आहे का?

उत्तर : ४.१ पासून 'हेल्प' हा ऑप्शन प्रत्येक रकान्याला तयार मिळतो. लिहिलेले एक्स्टेन्शन काढून टाकावे. टीप वेगळी दिसावी एवढीच इच्छा असेल तर फॉर्म थीममध्ये हेल्पचा ब्लॉक आपल्या रीतीने लिहावा आणि ती थीम ट्विगच्या कॉन्फिगरेशनमध्ये एकदा नोंदवावी.

प्रश्न : मी एका चादर उत्पादकाकडे काम करतो. हैदराबादच्या घाऊक व्यापाऱ्याची ऑर्डर थंडीच्या आधी २३० ओळींची आली. प्रत्येक ओळीत डिझाइन क्रमांक, रंग, आकार, डझन आणि दर असे पाच रकाने, आणि वर ग्राहकाच्या माहितीचे दहा रकाने आहेत. ही ऑर्डर उघडून फक्त एक दर बदलला आणि सेव्ह केली, तर १९८ ओळीच उरल्या. कोणतीही चूक दाखवली गेली नाही. पूर्वी मोठ्या ऑर्डरला 'सीएसआरएफ टोकन अवैध' असा संदेश येत असे, म्हणून ती तपासणी (फॉर्म आपल्याच साइटवरून आला आहे का, हे पाहणारी) मी गेल्या वर्षी बंद केली होती. त्याचा याच्याशी संबंध असू शकतो का? शिवाय नव्या जोडलेल्या ओळी कधीकधी ऑर्डरला जोडल्याच जात नाहीत.

उत्तर : संबंध आहे, आणि तो संदेश बंद करण्यापूर्वी आपण त्याचे कारण शोधले असते तर बरे झाले असते. दहा रकाने वरचे आणि १९८ ओळींचे प्रत्येकी पाच, म्हणजे ९९०. एकूण बरोबर १०००. पीएचपीच्या मॅक्स इनपुट व्हार्स या सेटिंगची मूळ किंमत १००० आहे. फॉर्ममधून त्याहून अधिक रकाने आले तर पीएचपी पुढचे रकाने वाचतच नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये एक इशारा लिहिते आणि तोवर वाचलेले रकाने सिम्फनीच्या हाती देते. सिम्फनीला ३२ ओळी आल्याच नाहीत असे दिसते. कलेक्शनटाइपमध्ये 'अलाउ डिलीट' चालू असल्यामुळे त्या वापरणाऱ्यानेच काढल्या असा ती अर्थ लावते, आणि डॉक्ट्रिन या डेटाबेस हाताळणाऱ्या लायब्ररीत ऑर्फन रिमूव्हल चालू असेल तर डेटाबेसमधूनही पुसून टाकते. कापणी नेमकी ओळीच्या शेवटी झाली म्हणून रिकाम्या डझनची चूकही दाखवली गेली नाही. वर नऊ किंवा अकरा रकाने असते तर एक ओळ अर्धी तुटली असती आणि निदान काहीतरी बोंब झाली असती.

टोकनाचे कोडे यातच सुटते. सीएसआरएफ टोकनाचा अदृश्य रकाना सिम्फनी फॉर्मच्या शेवटी जोडते. रकान्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली की सर्वांत आधी बळी जातो तो त्याचा. टोकन नाही म्हणून फॉर्म अवैध, आणि फॉर्म अवैध म्हणून ओळी सुरक्षित, असे ती तपासणी बंद करेपर्यंत चालले असणार. संदेशाचे शब्द दिशाभूल करणारे होते हे मान्य, पण राखण तो चोख करत होता.

उपायांचा क्रम असा. ती तपासणी आधी पुन्हा चालू करा, कारण सुरक्षेसाठी तर ती हवीच. मग मॅक्स इनपुट व्हार्स वाढवा. आपल्या कामाला ५००० पुरेसे होईल. हे सेटिंग स्क्रिप्टमधून आयनीसेटने बदलत नाही, ते पीएचपीच्या आयएनआय फाइलमध्ये बदलून सर्व्हरवरील पीएचपीची सेवा पुन्हा सुरू करावी लागते. त्यानंतर फॉर्मच्या अगदी सुरुवातीला 'ओळींची संख्या' असा एक अदृश्य, मॅप्ड नसलेला (एन्टिटीत न साठणारा) रकाना ठेवा, जावास्क्रिप्टने पाठवण्याच्या क्षणी तो भरा, आणि प्रीसबमिट या इव्हेंटवर (आलेली माहिती फॉर्ममध्ये भरली जाण्याआधीच्या टप्प्यावर) लिसनर लावून कच्च्या ॲरेतील ओळी मोजून पाहा. आकडे जुळले नाहीत तर फॉर्मवर चूक नोंदवा. चूक असली की इझव्हॅलिड खोटे ठरते आणि फ्लशपर्यंत, म्हणजे डेटाबेसमध्ये लिहिण्यापर्यंत, गोष्ट जातच नाही. एवढे केले तरी माझे मत असे आहे की दोनशेहून अधिक ओळी एकाच फॉर्ममध्ये दुरुस्त करायला देणे हीच मूळ चूक आहे. व्यापारी ऑर्डर बहुधा डिझाइनवार सांगतो. मग फॉर्मही डिझाइनवार तोडावा, म्हणजे एका पानावर वीसपंचवीस ओळी येतील आणि दर बदलताना नजरही ठरेल.

ऑर्डरशी न जोडल्या जाणाऱ्या ओळींचे कारण वेगळे आहे. कलेक्शनच्या रकान्यावर 'बाय रेफरन्स' खोटे करा. ते खरे असते तेव्हा सिम्फनी ऑर्डरच्या आतील संग्रहातच परस्पर ओळ टाकते आणि आपली ॲड मेथड बोलावतच नाही. खोटे केल्यावर ती बोलावली जाते, आणि त्याच मेथडमध्ये ओळीवर ऑर्डर नेमून द्यायची असते. 'कधीकधी' असे आपण म्हणता, ते बहुधा जुन्या ओळी आधीच जोडलेल्या असल्यामुळे वाटत असावे. नव्या ओळी दर वेळी सुटत असणार.

प्रश्न : सिम्फनीतील फॉर्म फार अवघड वाटतात. लारावेल या पीएचपीच्या दुसऱ्या फ्रेमवर्ककडे जावे का?

उत्तर : फॉर्म अवघड वाटतात एवढ्याच कारणासाठी जाऊ नये. लारावेलच्या गाभ्यात पाचव्या आवृत्तीपासून फॉर्म बांधणारा घटकच नाही. तेथे एचटीएमएल आपण लिहायचे आणि आलेल्या माहितीची तपासणी फॉर्म रिक्वेस्टच्या क्लासमध्ये करायची, असा सरळ व्यवहार आहे. आपले फॉर्म मोजके आणि एकमेकांपासून वेगळे असतील तर तो हलका पडतो. वरच्या पत्रांसारखी परिस्थिती असेल, म्हणजे तेच रकाने अनेक ठिकाणी आणि एकात एक फॉर्म, तर सिम्फनीत सुरुवातीला घातलेला वेळ वसूल होतो.

प्रश्न : सांगोल्याच्या डाळिंब उत्पादकांच्या नोंदणीचा फॉर्म करत आहे. पुढे तो सबंध जिल्ह्यासाठी वापरायचा असल्याने अकराही तालुक्यांची यादी दिली आहे. तालुका निवडला की त्यातील गावे दुसऱ्या यादीत यावीत असे जावास्क्रिप्टने केले. यादी बरोबर भरते, पण फॉर्म पाठवला की गावाच्या रकान्यावर 'ही किंमत वैध नाही' असे येते.

उत्तर : जावास्क्रिप्टने ब्राउझरमधली यादी बदलली, पण सर्व्हरवरील फॉर्मला त्याची वार्ता नाही. चॉइसटाइप, आणि त्याचा वारस असलेला एन्टिटीटाइपही, फॉर्म बांधला गेला त्या क्षणी स्वतःजवळ असलेल्या यादीशी आलेली किंमत ताडून पाहतो. आपण गावांची यादी रिकामी ठेवून रकाना बांधला असेल तर कोणतेही गाव त्याला परकेच वाटणार. ही त्याची चूक नाही. पाठवलेल्या माहितीत कोणी हाताने बदल केला तर तो पकडला जावा यासाठीच ही तपासणी आहे. काही जण वैतागून जिल्ह्यातील सगळी गावे यादीत भरून मोकळे होतात. तसे केले की संदेश जातो खरा, पण मग तालुका करमाळा आणि गाव अक्कलकोट तालुक्यातील अशी नोंदही बिनतक्रार स्वीकारली जाते.

योग्य रीत अशी की गावाचा रकाना बिल्डफॉर्ममध्ये सरळ जोडू नये. 'हा फॉर्म आणि हा तालुका घे, आणि त्या तालुक्याच्या गावांसह रकाना जोड' असे काम करणारे एक छोटे फंक्शन लिहावे आणि ते दोन ठिकाणांहून बोलवावे. पहिले ठिकाण संपूर्ण फॉर्मच्या प्रीसेटडेटा या इव्हेंटचे. तेथे आधी साठवलेल्या शेतकऱ्याचा तालुका हाती असतो आणि नव्या नोंदीत तो नल असतो, त्यामुळे दोन्ही प्रसंग धरावेत. दुसरे ठिकाण तालुक्याच्या रकान्याच्या पोस्टसबमिटचे. त्या क्षणी तालुक्याची निवड एन्टिटीत रूपांतरित झालेली असते, आणि गेटपेरेंटने मूळ फॉर्म मिळवून त्याला गावाचा रकाना जोडता येतो. (येथील गेटपेरेंट फॉर्मच्या ऑब्जेक्टवरची आहे, पहिल्या उत्तरातील टाइपच्या मेथडशी तिची गल्लत करू नये.) लिसनर तालुक्यावर लावायचा, मूळ फॉर्मवर नाही. मूळ फॉर्मच्या पोस्टसबमिटपर्यंत थांबलात तर सबमिट झालेल्या फॉर्मला नवा रकाना जोडता येत नाही असा अपवाद फेकला जाईल.

जावास्क्रिप्टलाही वेगळा पत्ता लिहून देण्याची गरज नाही. तालुका बदलला की तोच फॉर्म त्याच पत्त्यावर पाठवावा आणि परत आलेल्या पानातून गावाच्या रकान्याचा तुकडा काढून जागेवर बसवावा, म्हणजे गावांची यादी ठरवणारे तर्कशास्त्र एकाच ठिकाणी राहते. असा अर्धवट भरलेला फॉर्म अवैध ठरणार हे उघड आहे, आणि सिम्फनीच्या अलीकडच्या आवृत्त्या अवैध फॉर्मसह पान परत देताना ४२२ हा स्टेटस कोड पाठवतात. आपली जावास्क्रिप्ट केवळ २०० आल्यावरच पान वाचत असेल तर ती येथे मुकाट्याने थांबेल.

गावाच्या यादीत किंमत म्हणून गावाचे नाव ठेवू नये. एकाच नावाची गावे वेगवेगळ्या तालुक्यांत, कधी एकाच तालुक्यातही असतात. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक आहे. तो आपल्या तक्त्यात ठेवला तर नोंद पुढे कोणत्याही सरकारी यादीशी ताडता येईल, आणि गावाचे नाव कोणी कोणत्या तऱ्हेने लिहिले आहे याची काळजी उरणार नाही.